साखर वाढतो, पण चाखत नाही!

वाचायला बसण्याआधी एक प्रयोग करून या. साहित्य काहीच लागत नाही, फक्त निळंभोर, ढग नसलेलं आकाश हवं. पावसाळा संपला की असं आकाश हवं तेवढं मिळतं. घराच्या किंवा शाळेच्या सावलीत उभे राहा, सूर्याकडे पाठ करा आणि समोरच्या निळ्या आकाशात एकाच जागी नजर रोखून धरा. सूर्याकडे मात्र अजिबात बघायचं नाही, एक क्षणही नाही. त्याने डोळ्याला कायमची इजा होते.

अर्धा मिनिट धीर धरा. निळ्या आकाशावर बारीक बारीक चमकते ठिपके दिसू लागतील. ते इकडून तिकडे झपकन पळतात, वळण घेतात आणि सेकंदभरात नाहीसे होतात. लगेच दुसरीकडे नवे उगवतात. संथपणे तरंगणारे धागे किंवा जाळ्या दिसल्या तर ते हे नव्हेत. आपले ठिपके चपळ असतात, आणि नीट लक्ष दिलंत तर कळेल की ते थोडे झटक्याझटक्याने पुढे सरकतात. मनगटावरची नाडी धरून बघा. तिच्या ठोक्याशी त्या झटक्यांचा मेळ बसतो!

हे ठिपके आकाशात नसतात, ते तुमच्या डोळ्यात असतात. त्या तुमच्या स्वतःच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, जो पातळ पडदा असतो त्याला रेटिना म्हणतात, किंवा शाळेच्या पुस्तकातलं नाव घ्यायचं तर दृष्टिपटल. त्याच्या पुढच्या भागात केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात. त्यांतून लाल रक्तपेशींची रांग सतत चालू असते. लाल पेशी निळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून त्या वाहिन्यांची अगदी पुसट सावली मागच्या पेशींवर पडते. ती कायमचीच असल्यामुळे मेंदू तिची दखल घेत नाही. पण मधूनच एखादी पांढरी पेशी येते. ती निळा प्रकाश अडवत नाही. सावलीत क्षणभर फट पडते, आणि तो उजेडाचा ठिपका तुम्हाला पळताना दिसतो. सुई नाही, सूक्ष्मदर्शक नाही, आणि तरी आपल्याच पेशी आपल्याच डोळ्यांनी बघायच्या. मला तर हे फार भारी वाटतं.

आता पुन्हा एकदा बघा. या वेळी अगदी मधोमध, जिथे तुमची नजर रोखलेली आहे तिथे काय दिसतं? तिथे एकही ठिपका येत नाही. सगळे आजूबाजूने जातात, पण मध्यावर कुणी पाऊल ठेवत नाही. कारण तिथे रक्तवाहिन्याच नाहीत. रेटिनाच्या मध्यावर साधारण अर्धा मिलिमीटर रुंदीची एक जागा अशी असते, जिथून एकसुद्धा रक्तवाहिनी जात नाही. आणि गंमत म्हणजे नेमक्या त्याच जागेने तुम्ही हा शब्द वाचताय. सुईत दोरा ओवताना, लांबचा बसचा नंबर ओळखताना, आईच्या चेहऱ्यावरचा राग वेळेत हेरताना तीच जागा कामाला येते. सगळ्यात बारीक काम तिचं, आणि तिच्याच दारात रक्ताची वाट नाही!

मग तिला जेवण कोण देतं?

हे शोधायला आपल्याला रेटिनाच्या मागच्या दाराने आत जावं लागेल. कंपासपेटीतली पट्टी काढा. तिच्यावरची सगळ्यात लहान खूण एक मिलिमीटरची असते. रेटिनाची जाडी त्याच्या साधारण पाव भर. एवढ्याशा जाडीत पेशींचे थरावर थर बसवलेले असतात. तुम्हाला वाटेल, प्रकाश टिपणाऱ्या पेशी सगळ्यात पुढे, बाहुलीकडे तोंड करून बसल्या असतील. पण त्या बसल्या आहेत सगळ्यात मागे. प्रकाश आधी बाकीचे थर पार करतो आणि शेवटी त्यांच्यापर्यंत पोचतो. या पेशी दोन प्रकारच्या. दंडपेशी मंद उजेडात काम करतात. माणसाच्या एका डोळ्यात त्या ९ कोटींच्या आसपास असतात. शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात, त्या ४५ लाखांच्या घरात. आपल्या त्या मधल्या जागेच्या अगदी केंद्रात तर फक्त शंकुपेशीच दाटीवाटीने उभ्या असतात.

आणि या सगळ्या जणी भयंकर खादाड! शरीरातल्या सगळ्यात भुकेल्या पेशींमध्ये त्यांची गणना होते. एक प्रश्न विचारतो, पटकन उत्तर द्या: या पेशींना जास्त ऊर्जा कधी लागते, उजेडात की अंधारात? बहुतेक जण म्हणतील, उजेडात, कारण तेव्हा बघायचं असतं. उत्तर बरोबर उलट आहे. अंधारात दंडपेशीच्या आवरणातली बारीक दारं उघडी असतात. त्यांतून सोडियमचे कण आत घुसत राहतात, आणि पेशीला ते सतत उपसून बाहेर टाकावे लागतात. प्रकाश पडला की दारं बंद होतात आणि उपसा थांबतो. दारं बंद झाली हाच मेंदूसाठी निरोप, की उजेड दिसला! उंदराच्या दंडपेशींवर हिशेब मांडून शास्त्रज्ञांनी दाखवलं, की अंधारात एक दंडपेशी दर सेकंदाला सुमारे १० कोटी एटीपी रेणू खर्च करते. एटीपी म्हणजे पेशीचं रोजच्या खर्चाचं ऊर्जेचं नाणं. भर दिवसा हाच खर्च पावाहूनही खाली येतो. म्हणजे रात्री दिवा मालवून तुम्ही गाढ झोपता, तेव्हा डोळ्याच्या मागच्या भागात जोरात काम चालू असतं.

तर आता आपण एका ग्लुकोजच्या रेणूचा पाठलाग करू. समजा, सकाळी तुम्ही पोहे खाल्ले. पोह्यांतला पिष्टमय भाग पोटात फुटून त्याचं ग्लुकोज झालं, ते रक्तात मिसळलं, आणि त्यातला एक रेणू फिरत फिरत डोळ्याकडे आला. डोळ्यात येणारं बहुतेक रक्त रेटिनाच्या आत जात नाही. ते तिच्या मागे असलेल्या कोरॉइड नावाच्या थरात जातं. हा थर म्हणजे रक्तवाहिन्यांचा नुसता गच्च गुंता. वजनाच्या मानाने बघितलं, तर शरीरातल्या फार थोड्या भागांतून इतकं रक्त वाहतं. इथल्या सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंतींना बारीक छिद्रं असतात, त्यामुळे आपला रेणू सहज बाहेर पडतो. एक पातळ पटल ओलांडतो. आणि मग समोर भिंत येते.

ही भिंत म्हणजे काळसर पेशींचा एकेरी थर. डॉक्टर त्याला थोडक्यात आरपीई म्हणतात, आपणही तेच म्हणू. या पेशी षटकोनी असतात आणि एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की दोन पेशींच्या मधल्या फटीतून ग्लुकोजचा रेणूसुद्धा सुटत नाही. त्यांच्यात काळं रंगद्रव्य भरलेलं असतं. ते डोळ्यात इकडेतिकडे पसरणारा जादा प्रकाश शोषून घेतं. माणसाच्या एका डोळ्यात अशा सुमारे ३५ लाख पेशी असतात, आणि त्या सहसा नव्याने तयार होत नाहीत. जन्मापासून असलेल्याच पेशी तुम्हाला आयुष्यभर पुरवायच्या असतात.

फट नाही, मग आत कसं जायचं? त्यासाठी पेशीच्या आवरणात खास प्रथिनं बसवलेली असतात. ग्लुकोजसाठी जे प्रथिन आहे त्याचं नाव ग्लूट-१. ते कसं चालतं ते जरा जवळून बघू. ग्लूट-१ दोन्हीकडे एकदम कधीच उघडं नसतं. आधी ते रक्ताच्या बाजूला उघडतं. ग्लुकोजचा रेणू आत शिरून नेमक्या खाचेत बसतो. तो बसला की प्रथिन आपला आकार बदलतं, बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं, आणि रेणू पेशीच्या आत सुटतो. मग प्रथिन रिकामं होऊन पुन्हा मूळ जागेवर येतं. यासाठी वेगळी ऊर्जा खर्च होत नाही. जिकडे ग्लुकोज जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे, एवढाच नियम. आरपीईच्या पेशीला रक्ताच्या बाजूलाही ग्लूट-१ असतात आणि रेटिनाच्या बाजूलाही. म्हणजे एका दाराने आत, समोरच्या दाराने बाहेर, आणि पलीकडे दंडपेशी-शंकुपेशी वाट बघतच असतात.

वाचायला सोपं वाटलं ना? पण इथे एक मोठी अडचण आहे. आरपीईची पेशीसुद्धा जिवंत आहे. तिलाही भूक लागते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातात जिलब्यांचं ताट असतं आणि त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नसतं, तसं समजा. त्याने वाढता वाढता एकेक जिलबी तोंडात टाकायला सुरुवात केली तर? पहिल्या दोन-चार पानांवर जिलबी पोचेल, पंगतीच्या शेवटी बसलेल्यांना नुसता वास! आरपीईच्या हातून साखर जाते, आणि ती साखर फोडून ऊर्जा मिळवायची सगळी साधनं तिच्याकडे असतात. तरी ती बहुतेक साखर न चाखता पुढे देते. का?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्याला आधी शंभर वर्षं मागे, जर्मनीतल्या बर्लिन शहरात जावं लागेल. तिथे ओटो वारबुर्ग नावाचे एक नामवंत शास्त्रज्ञ होते. पुढे १९३१ मध्ये त्यांना पेशींच्या श्वसनावरच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. १९२० च्या दशकात ते वेगवेगळ्या प्राण्यांच्या पातळ ऊती घेऊन त्या किती ऑक्सिजन वापरतात आणि ग्लुकोजचं काय करतात हे मोजत होते. साधारण पेशी ऑक्सिजन असला की ग्लुकोज शेवटपर्यंत जाळते. पेशीच्या आतल्या तंतुकणिका नावाच्या बारीक भागांमध्ये ते काम चालतं आणि एका रेणूतून तीसच्या आसपास एटीपी मिळतात. ऑक्सिजन कमी पडला तर मात्र पेशी ग्लुकोज अर्धवट फोडते. तेव्हा मिळतात फक्त दोन एटीपी, आणि उरतं लॅक्टेट. वारबुर्ग यांना उंदराच्या रेटिनात विचित्र गोष्ट दिसली. ऑक्सिजन भरपूर असूनही रेटिना ग्लुकोज अर्धवट फोडत होती आणि ढीगभर लॅक्टेट बाहेर टाकत होती. असं वागणं त्यांना कर्करोगाच्या गाठींमध्ये दिसलं होतं. निरोगी डोळ्यात ते कशाला?

लॅक्टेट तुमच्या ओळखीचं आहे बरं का. दही आंबट लागतं ते लॅक्टिक आम्लामुळे. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि हे आम्ल तयार करतात. स्वीडनच्या कार्ल शेले यांनी १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातूनच वेगळं केलं होतं. आपल्या शरीरात ते लॅक्टेटच्या रूपात असतं. तुम्ही कबड्डी खेळता, धापा टाकता, तेव्हा पायांच्या स्नायूंतही तयार होतं. पुष्कळ मोठी माणसं अजून सांगतात, की दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते या लॅक्टेटमुळे. तसं नाही. खेळ थांबल्यावर लॅक्टेट तासाभरात रक्तातून कमी होतं, आणि पाय दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या ताणामुळे. बरं, ते कमी होतं म्हणजे वाया जातं असंही नाही. तुमचं हृदय ते इंधन म्हणून वापरतं, आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. लॅक्टेटला कचरा म्हणणं ही फार दिवस चाललेली चूक आहे.

आता रेटिनाकडे. दंडपेशी आणि शंकुपेशी जेवढं ग्लुकोज घेतात, त्यातला मोठा भाग लॅक्टेट होऊन बाहेर पडतो, वेगवेगळ्या प्रयोगांत ८० टक्क्यांच्याही वर. इतक्या भुकेल्या पेशी आणि इतकी उधळपट्टी! यामागचं एक कारण त्यांच्या रोजच्या बांधकामात आहे. प्रत्येक दंडपेशीच्या टोकाला शेकडो पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रकाश पकडणारं रसायन त्याच चकत्यांमध्ये असतं. या चकत्या टिकत नाहीत. अमेरिकेत लॉस अँजेलिसच्या विद्यापीठात रिचर्ड यंग यांनी १९६७ मध्ये प्राण्यांना किरणोत्सारी खूण असलेले प्रथिनांचे घटक दिले आणि ती खूण कुठे जाते ते पाहिलं. खूण आधी चकत्यांच्या तळाशी दिसली. मग रोज थोडी थोडी वर सरकली, आणि उंदरांत दहाएक दिवसांनी टोकाला पोचून गायब झाली! म्हणजे तळाशी रोज नव्या चकत्या तयार होतात आणि टोकाच्या जुन्या गळून पडतात. दहा दिवसांत आख्खा साठा नवा. इतकं बांधकाम रोज करायचं, तर विटा-माती हवीच. ग्लुकोज सगळं जाळून टाकलं तर नुसती ऊर्जा मिळते. अर्धवट फोडलं तर वाटेत तयार होणारे तुकडे नव्या चकत्या बांधायला वापरता येतात.

आणि गळलेल्या चकत्या कुठे गेल्या? त्या आरपीईने गिळल्या. तिच्या पेशींना बारीक बोटांसारखी टोकं असतात. ती दंडपेशींच्या शेंड्यांना वेढून बसलेली असतात, आणि दंडपेशींच्या गळलेल्या चकत्या बहुतेक सकाळी, उजेड झाल्यावर गिळून टाकतात. म्हणजे तुम्ही दात घासत असता तेव्हा तुमच्या डोळ्याच्या मागे झाडलोट चाललेली असते. त्या चकत्यांमध्ये भरपूर स्निग्ध पदार्थ असतात. आरपीई ते जाळते, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये असं दिसलं आहे, की त्यांतला काही भाग ती दुसऱ्या इंधनात बदलून रेटिनाकडे परत पाठवते.

आता लॅक्टेटचा परतीचा प्रवास. ते बाहेर पडायलाही दार लागतं. त्या प्रथिनांच्या कुटुंबाचं नाव एमसीटी. या दाराची खोड अशी, की लॅक्टेट एकटं कधी जात नाही. प्रत्येक रेणूबरोबर एक प्रोटॉन, म्हणजे आम्लपणा आणणारा कण, जोडीने जातो. दोघंही आले तरच दार फिरतं. ही तऱ्हा रेटिनाच्या फायद्याची आहे, कारण लॅक्टेटबरोबर आम्लपणाही बाहेर निघतो, नाहीतर तिथे तो साचून पेशी बिघडल्या असत्या. दंडपेशींच्या बाजूने आलेलं लॅक्टेट आरपीईच्या पेशीत एमसीटी-१ मधून शिरतं, आणि पलीकडे रक्ताकडे जायला तिच्याकडे वेगळं दार आहे, एमसीटी-३. हे एमसीटी-३ शरीरात फार थोड्या ठिकाणी सापडतं. उंदरांमध्ये ते जनुकच काढून टाकलं तेव्हा रेटिनात लॅक्टेट साचलं आणि डोळ्यांची प्रकाशाला दाद देण्याची ताकद घटली. आणखी एक गंमत सांगतो. ही दारं आवरणात नीट बसवायला बॅसिजिन नावाचा एक सोबती लागतो. ज्या उंदरांमध्ये बॅसिजिन नाही, त्यांच्या लहानपणी रेटिना दिसायला जवळजवळ ठीक असते, पण प्रकाश पडला तरी ती फारशी दाद देत नाही. पुढे त्या पेशी मरून जातात. दार बसलं नाही, एवढ्यानेच!

आता आपल्या वाढप्याकडे येऊ. आरपीईत आलेलं सगळं लॅक्टेट रक्ताकडे जात नाही. थोडं ती स्वतः जाळते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेम्स हर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोध प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना खास कार्बन असलेलं ग्लुकोज दिलं, म्हणजे त्याचा माग काढता येईल, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या आरपीई पेशींवरही काम केलं. त्यांना दिसलं ते असं: लॅक्टेट मिळालं की आरपीई ग्लुकोज फोडायचं कमी करते, आणि ते ग्लुकोज पुढे रेटिनाकडे जातं.

असं का होतं, याचं त्यांनी सुचवलेलं कारण मला फार सुंदर वाटतं. ग्लुकोज फोडताना पेशीला एनएडी नावाचा एक मदतनीस रेणू लागतो. लॅक्टेट वापरतानाही तोच लागतो. लॅक्टेट भरपूर आलं की मदतनीस त्याच्याच दिमतीला गुंतून पडतो, आणि ग्लुकोज फोडायला कुणी उरत नाही. मग ते तसंच, अख्खं, पुढच्या दाराने बाहेर पडतं. बघा, कुणी हुकूम दिला नाही, कुणी पहारा ठेवला नाही. पंगतीत बसलेल्यांनीच वाढप्याचं पोट भरलं, म्हणून जिलबी शेवटच्या पानापर्यंत पोचली. दंडपेशींची ती ‘उधळपट्टी’ म्हणजे आपलंच जेवण सुरक्षित ठेवायची तजवीज निघाली.

विज्ञानात कोण कुणाला जेवू घालतं हे ठरवणं सोपं नसतं बरं. रेटिनात आणखी एका प्रकारच्या महत्त्वाच्या पेशी आहेत, म्युलर पेशी. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश म्युलर यांनी १८५१ मध्ये त्या दाखवल्या. त्या रेटिनाच्या पुढच्या टोकापासून जवळजवळ मागच्या टोकापर्यंत उभ्या पसरलेल्या असतात आणि बाकीच्या पेशींना आधार देतात. १९९० च्या दशकात जिनिव्हातल्या शास्त्रज्ञांनी नर मधमाशीच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवलं, की तिथल्या आधारपेशी ग्लुकोज घेतात, त्यापासून अॅलानिन नावाचा पदार्थ बनवतात आणि तो प्रकाश टिपणाऱ्या पेशींना भरवतात. मग त्यांनी मांडलं, की सस्तन प्राण्यांतही म्युलर पेशी लॅक्टेट बनवून दंडपेशींना देत असतील. बरीच वर्षं पुष्कळांना हेच पटत होतं. पुढे २०१४ मध्ये हर्ली यांच्याच गटाला दिसलं, की उंदराच्या म्युलर पेशींमध्ये ग्लुकोज फोडायच्या शेवटच्या टप्प्याला लागणारं एक विकर, म्हणजे ती क्रिया घडवणारं प्रथिन, फारसं नाहीच. म्हणजे त्या लॅक्टेट बनवून दुसऱ्याला देणार कुठून? उलट दंडपेशींनी टाकलेलं लॅक्टेट त्याच घेत असाव्यात असा पुरावा पुढे आला. बाण उलटा फिरला! मधमाशीबद्दलचं निरीक्षण त्यामुळे खोटं ठरत नाही. मधमाशीच्या डोळ्यात एक रीत, उंदराच्या डोळ्यात दुसरी. म्हणूनच एका प्राण्यात दिसलेलं दुसऱ्यात तपासूनच बघावं लागतं.

पक्ष्यांची तर तिसरीच तऱ्हा. चिमणी, घार, कोंबडी, कुणाच्याही रेटिनाच्या आत रक्तवाहिन्या नसतात. त्याऐवजी डोळ्याच्या आतल्या पोकळीत एक काळी, चुण्या पडलेली, रक्तवाहिन्यांनी भरलेली पट्टी पुढे आलेली असते. तिला पेक्टेन म्हणतात. तिथून पोषण झिरपतं, आणि रेटिनासमोर वाहिन्यांची सावलीही पडत नाही. आभाळातून खाली उंदीर हेरणाऱ्या घारीला हे किती सोयीचं!

आपल्याकडे मागच्या दाराने येणारं हे जेवण बंद पडलं तर काय होतं? ‘अमक्याच्या डोळ्याचा पडदा सरकला’ असं घरात कधी ऐकलं असेल. पडदा सरकतो म्हणजे रेटिना आरपीईपासून सुटते. दोघी एकमेकींना चिकटवलेल्या नसतात, नुसत्या टेकलेल्या असतात. डोक्याला किंवा डोळ्याला जोराचा मार बसून, कधी डोळ्याचा मायनस नंबर फार मोठा असला म्हणूनही, त्या वेगळ्या होऊ शकतात. मध्ये पाणी शिरतं, साखर आणि ऑक्सिजन पोचेनासे होतात, आणि दंडपेशी-शंकुपेशी उपाशी मरू लागतात. म्हणून डोळ्यांपुढे अचानक चमका येऊ लागल्या किंवा काळा पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं असतं. उद्या-परवा चालत नाही.

आणखी एक आजार आहे, तो आपल्या गोष्टीशी फारच जवळून जोडलेला आहे. त्याचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. तो जनुकांतल्या दोषामुळे होतो. त्यात आधी दंडपेशी मरतात, त्यामुळे संध्याकाळी आणि रात्री दिसेनासं होतं. पुष्कळदा दोष फक्त दंडपेशींच्या जनुकात असतो, शंकुपेशी धडधाकट असतात. तरी काही वर्षांनी त्याही मरू लागतात आणि दिवसाची नजरही जाते. निर्दोष पेशी का मराव्यात? अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी असा आजार असलेल्या डुकरांचे डोळे तपासले. २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं, की दंडपेशी गेल्यावर ग्लुकोज आरपीईतच अडकून पडतं आणि शंकुपेशींपर्यंत पोचत नाही. रेटिनाच्या मागे थेट ग्लुकोज टोचलं, तर मरगळलेल्या शंकुपेशी काही काळ पुन्हा तरतरीत झाल्या. तुम्ही आता स्वतःच विचार करा. ९ कोटी दंडपेशी गेल्या, म्हणजे लॅक्टेट पाठवणाऱ्याच गेल्या. वाढपी उपाशी राहिला, तर जिलबी पुढे जाईल का? हे दोन शोध एकमेकांत किती छान बसतात!

पॅरिसच्या शास्त्रज्ञांना याच कोड्याचा आणखी एक तुकडा सापडला. दंडपेशी एक प्रथिन सोडतात. ते शंकुपेशींच्या आवरणावर जाऊन बसतं आणि त्यांना ग्लुकोज जास्त आत ओढायला मदत करतं. आणि ते बसतं कशावर, माहीत आहे? आपल्या ओळखीच्या बॅसिजिनच्याच एका भावंडावर. दंडपेशी गेल्या की तेही प्रथिन थांबतं. म्हणून आज काही संशोधक जनुकातला दोष दुरुस्त करण्याबरोबरच शंकुपेशींना साखर कशी मिळत राहील याचाही विचार करताहेत. दंडपेशी वाचल्या नाहीत तरी दिवसाची नजर वाचली, तर माणूस पुस्तक वाचू शकतो, रस्ता ओलांडू शकतो. ही काही लहान गोष्ट नाही.

कुणी म्हणेल, मग भरपूर साखर खाल्ली की डोळे चांगले राहतील! अजिबात नाही. रक्तात साखर जास्त राहिली, की रेटिनाच्या त्याच बारीक वाहिन्या, ज्यांतल्या पांढऱ्या पेशी तुम्ही आकाशात पाहिल्यात, खराब होऊ लागतात. घरात आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर त्यांच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासला जातो का, हे जरूर विचारा. डोळ्यांना साखर बेताचीच पण न चुकता लागते, आणि ती पोचवायचं काम शरीर स्वतःच करतं. अ जीवनसत्त्व मात्र खाण्यातूनच यायला हवं. प्रकाश पकडणारं रसायन त्यातूनच बनतं आणि वापरलेलं रसायन पुन्हा ताजं करून देण्यात आरपीईचा मोठा वाटा असतो. शेवग्याचा पाला, माठ, पालक, गाजर, पिकलेली पपई, आंबा यांतून ते मिळतं.

तुमच्या वर्गात किंवा शेजारी कुणी संध्याकाळ झाली की ठेचकाळत असेल, खेळताना चेंडू दिसत नाही म्हणत असेल, तर त्याला धांदरट म्हणून चिडवू नका. घरी मोठ्यांना सांगा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला लावा. अ जीवनसत्त्व कमी पडलं असेल, तर वेळेवर उपचार मिळाल्यावर रात्रीची नजर बहुतेकदा परत येते. कारण दुसरं असेल, तर ते जितक्या लवकर कळेल तितकं चांगलं.